खोक्यातील शस्त्रक्रिया

पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते, असे आपण नेहमी ऐकतो. सायकल शिकताना गुडघे फुटतात. पोळी लाटायला शिकताना पहिल्या पोळीचा नकाशा होतो. चुकतमाकत शिकणे ही जगाची रीतच आहे. पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कसे शिकावे? त्यांच्या हातून झालेली चूक त्यांना स्वतःला नव्हे, तर टेबलावर झोपलेल्या रुग्णाला भोवते. आणि म्हणून हात चालवायचाच नाही म्हटले, तर नवे शल्यविशारद तयार व्हायचे कसे?

हा पेच जुना आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ पासून एक पद्धत घालून दिली. तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचे, वरिष्ठांच्या हाताखाली काम करायचे आणि वर्षावर्षाने अधिक जबाबदारी घ्यायची. रुग्णालयात निवास म्हणून ते ‘निवासी डॉक्टर’. ही पद्धत पुढे जगभर रुजली. आपल्याकडेही एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षे सर्वसाधारण शल्यशास्त्र आणि त्यानंतर आणखी तीन वर्षे मूत्ररोग शल्यशास्त्र शिकावे लागते. ‘एकदा पाहा, एकदा करा, एकदा शिकवा’ हे या परंपरेचे जणू ब्रीदवाक्यच होते.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ही पद्धत चालून जात असे. गुरू आणि शिष्य टेबलाच्या दोन बाजूंना उभे असत. दोघांचे डोळे एकाच जखमेवर असत आणि शिष्याचा हात चुकू लागला तर गुरूचा हात तेथे पोहोचत असे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली आणि हे चित्र पालटले. ते का पालटले, याचे उत्तर वैद्यकात जितके आहे तितकेच आपल्या शाळेतील पदार्थविज्ञानात आहे.

प्रकाश आत कसा न्यायचा?

शरीराच्या आत डोकावण्याची धडपड मूत्ररोगतज्ज्ञांनी फार पूर्वीच सुरू केली. मूत्रमार्ग ही निसर्गानेच दिलेली वाट असल्यामुळे काहीही न कापता मूत्राशयापर्यंत जाता येते. अडचण होती ती अंधाराची. १८०६ च्या सुमारास जर्मनीतील फिलिप बोझिनी यांनी मेणबत्ती आणि आरसा यांच्या साहाय्याने नळीतून प्रकाश आत पाठविण्याचे साधन तयार केले. १८७७ मध्ये माक्सिमिलियन निट्झे यांनी भिंगे बसविलेली मूत्राशयाची दुर्बीण दाखविली. तिच्या टोकाशी तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार असे आणि ती थंड ठेवण्यासाठी सतत पाणी खेळवावे लागे.

१९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातून तेथे शिकायला गेलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्यासंबंधीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. काचतंतूत शिरलेला प्रकाश भिंतींवर पुन्हा पुन्हा आदळतो, पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे आतच राहतो आणि वळणे घेत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. यामुळे दिवा शरीराबाहेर ठेवून केवळ त्याचा प्रकाश आत नेणे शक्य झाले.

याच हॉपकिन्सना लिव्हरपूलचे मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स गाऊ यांनी मूत्राशयाचे स्पष्ट छायाचित्र मिळेल अशी दुर्बीण करून देण्याची विनंती केली. त्या काळच्या दुर्बिणीत पोकळ नळीत अंतराअंतरावर पातळ भिंगे बसविलेली असत. भिंगांना जागेवर ठेवणाऱ्या कड्या आणि नळ्या मुळातच अरुंद असलेली वाट आणखी अडवीत. हॉपकिन्स यांनी हा विचार उलटा केला. नळीत काचेचे लांब दंड ठेवायचे आणि त्यांच्यामधील हवेच्या छोट्या जागांनी भिंगांचे काम करायचे! काचेतून प्रकाश अधिक प्रमाणात पुढे जाऊ लागला आणि प्रतिमा कितीतरी उजळ झाली. एका भौतिकशास्त्रज्ञाच्या या कल्पनेचा उपयोग आजही शस्त्रक्रियागृहांत रोज होतो.

पाहण्यापासून कापण्यापर्यंत

प्रकाश आत गेला, मग हत्यारेही गेली. १९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रोम आणि योहान्सन यांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत अरुंद वाट करून तिच्यातून मुतखडा काढल्याचे प्रसिद्ध केले. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतात प्रथमच दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुई येथे राल्फ क्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ८५ वर्षांच्या वृद्धेचे गाठ झालेले मूत्रपिंड दुर्बिणीतून काढले. ते मूत्रपिंड १९० ग्रॅम वजनाचे होते आणि बाहेर येण्याची वाट होती अवघी ११ मिलिमीटरची. पोटातच ते एका पिशवीत घालून, तिच्या आत त्याचे बारीक तुकडे करून ओढून घेतले गेले.

अशा शस्त्रक्रियेत पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून त्यांत नळ्या बसवितात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोटाची भिंत तंबूसारखी उचलून धरतात. हा वायू जळत नाही, रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून त्याची निवड. त्याचा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर उंचीइतकाच ठेवतात. एका नळीतून कॅमेरा लावलेली दुर्बीण आणि बाकीच्या नळ्यांतून लांब दांड्यांची हत्यारे आत जातात. रुग्णाची जखम लहान, वेदना कमी, आणि तो लवकर घरी जातो. हा लाभ निःसंशय मोठा आहे. पण त्याची किंमत शिकणाऱ्या हाताला आणि डोळ्याला मोजावी लागते.

हात उजवीकडे, टोक डावीकडे

पोटाच्या भिंतीतील छिद्र जागचे हलत नाही. म्हणजेच त्यातून जाणारी दांडी ही एक तरफ झाली आणि छिद्र हा तिचा टेकू झाला. टेकू मध्ये असलेल्या तरफेचे एक टोक खाली गेले की दुसरे वर जाते, हे तुम्ही सी-सॉवर अनुभवले आहेच. त्याच नियमाने डॉक्टरांचा हात उजवीकडे गेला की पोटातील टोक डावीकडे जाते, आणि हात वर गेला की टोक खाली जाते.

एवढ्यावर भागत नाही. समजा, दांडी ३६ सेंटिमीटर लांब आहे. तिची २४ सेंटिमीटर लांबी पोटात असेल तर बाहेर १२ सेंटिमीटर उरते. आता हात १ सेंटिमीटर हलला तर आतील टोक २ सेंटिमीटर हलते. दांडी मागे ओढून आत १२ आणि बाहेर २४ सेंटिमीटर ठेवली, तर तोच हात १ सेंटिमीटर हलल्यावर टोक फक्त अर्धा सेंटिमीटर हलते. हाताची हालचाल तीच, परंतु परिणामात चौपट फरक! शस्त्रक्रियेत दांडी सारखी आतबाहेर होत असते, म्हणजे हे प्रमाणही क्षणोक्षणी बदलत असते. दांडीचा अधिक भाग आत असेल तेव्हा हाताचा स्वाभाविक कंपही टोकाशी मोठा होतो.

शिवाय मोकळ्या हाताला मनगट असते. एका बिंदूतून जाणाऱ्या सरळ दांडीला मात्र चारच प्रकारे हलता येते. वर-खाली, डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि स्वतःभोवती गोल. टोकाचा चिमटा उघडतो-मिटतो तेवढाच. एवढ्या भांडवलावर वाकड्या सुईने टाका घालून गाठ मारायची असते.

स्पर्शाचेही तसेच. नळीतून वायू निसटू नये म्हणून तिच्यात रबरी झडप असते आणि दांडी तिच्यावर घासते. बोटांना जो जोर जाणवतो त्यात ऊतींचा विरोध किती आणि झडपेचे घर्षण किती, हे नवख्याला उमगत नाही. तरफेमुळे जोराचे प्रमाणही बदललेले असते. म्हणून नवख्याच्या हातून कधी दोरा तुटतो, तर कधी नाजूक भाग गरजेपेक्षा जास्त दाबला जातो.

दोन डोळ्यांचे काम एका डोळ्यावर

आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण साडेसहा सेंटिमीटरवर असतात. प्रत्येकाला थोडी वेगळी प्रतिमा दिसते आणि या फरकावरून मेंदू वस्तूचे अंतर ठरवितो. एक डोळा मिटा आणि हात लांब करून पेनाला त्याचे टोपण घालून पाहा; टोपण बाजूने निसटेल. साध्या दुर्बिणीचा कॅमेरा म्हणजे असा एकच डोळा. पडद्यावर चित्र मोठे आणि झगझगीत दिसते, पण ते सपाट असते. मग कोणती वस्तू कोणत्या वस्तूला झाकते, जवळ येताना हत्यार किती मोठे दिसू लागते, अशा खुणांवरून खोली ओळखण्याची सवय करावी लागते.

मूत्रपिंडात सुई घालताना हाच प्रश्न आणखी कठीण होतो. मुतखडा काढण्यासाठी पाठीतून सुई घालून मूत्रपिंडातील पेल्यासारख्या एखाद्या कप्प्याच्या टोकावर अचूक न्यावी लागते. तेथून गेल्यास मोठ्या रक्तवाहिन्या टळतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो, हे लक्षात घेतले म्हणजे वाट चुकण्याचा अर्थ कळेल. सुई कोठे आहे ते क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसते, पण तीही सपाट सावलीच. यावर एक सुरेख भूमितीय युक्ती आहे. सुई क्ष-किरणांच्या दिशेतच धरली की तिची सावली रेघ न राहता ठिपका होते. तो ठिपका नेमका त्या कप्प्यावर पडला म्हणजे दिशा बरोबर आहे. आता यंत्र तिरपे करून दुसऱ्या दिशेने पाहायचे, म्हणजे सुई किती खोल गेली ते कळते. दोन दिशांनी पाहून तिसरी मिती शोधायची! क्ष-किरणे डॉक्टरांनाही लागतात आणि म्हणून अंगावर शिशाचा ॲप्रन घालावा लागतो. चाचपडत बसलेला नवखा हात रुग्णाला आणि स्वतःलाही अधिक किरणे लावून घेतो. काही ठिकाणी यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र, म्हणजे सोनोग्राफी, वापरतात.

सराव रुग्णाबाहेर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उलटी हालचाल, बदलते प्रमाण, सपाट चित्र आणि मंद स्पर्श या अडचणींपैकी एकही अशी नाही, की जिच्या सरावासाठी जिवंत माणसाचे पोटच हवे. त्यासाठी एक बंद खोके पुरे! खोक्याच्या झाकणाला दोन छिद्रे, आत एक कॅमेरा, समोर पडदा आणि खरी हत्यारे. जगभरचे निवासी डॉक्टर आज अशाच खोक्यांवर हात बसवितात.

कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अशा सरावाला मोजमापाची जोड मिळाली. तेथे ठरविलेली कामे थोड्या फरकाने अमेरिकेतील शल्यविशारदांच्या परीक्षेत आली. युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने निवासी डॉक्टरांसाठी आपली वेगळी परीक्षा तयार केली असून तिच्यात चार कामे असतात. पहिल्यात खुंट्यांवरील वस्तू एका चिमट्याने उचलून, हवेतच दुसऱ्या चिमट्यात देऊन पलीकडच्या खुंटीवर ठेवायच्या. दुसऱ्यात आखलेले वर्तुळ रेघ न सोडता कापायचे. तिसऱ्यात सुई कड्यांच्या रांगेतून क्रमाने ओवत न्यायची आणि चौथ्यात टाका घालून गाठ मारायची. ऐकायला बालवाडीतले खेळ वाटतील. पण प्रत्येक कामाला सेकंदांची मर्यादा असते आणि चुकांची मोजणीही होते.

सुईची वाट शिकण्यासाठी सिलिकोनची मूत्रपिंडे असतात. काही ठिकाणी डुकराचे मूत्रपिंड सोललेल्या कोंबडीत ठेवून, तो जणू माणसाचा देह समजून सराव करतात. संगणकावर चालणारी यंत्रेही आहेत. त्यांत पडद्यावर क्ष-किरणांचे चित्र दिसते, परंतु किरणे मात्र नसतात. ही यंत्रे फार महाग असतात. साध्या खोक्याला मात्र फारसा खर्च येत नाही आणि हाताची प्राथमिक तयारी त्यावरही उत्तम होते.

मोजल्याशिवाय कसे कळणार?

खोक्यातले कौशल्य रुग्णाजवळ उपयोगी पडते का, ही शंका रास्त आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो मूत्ररोगाचा नसून पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा होता, पण प्रश्न हाच होता. १६ निवासी डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटाने नेहमीच्या शिक्षणाखेरीज संगणकाच्या यंत्रावर ठराविक पातळी गाठेपर्यंत सराव केला. मग दोन्ही गटांनी खरी शस्त्रक्रिया केली. तिचे चित्रण तपासणाऱ्यांना कोण कोणत्या गटातील हे सांगितलेले नव्हते. सराव केलेल्या गटाला काम पुरे करण्यास २९ टक्के कमी वेळ लागला. दुसऱ्या गटाच्या चुका सरासरीने सुमारे सहापट होत्या.

या प्रयोगातील ‘ठराविक पातळी गाठेपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अमुक तास सराव केला, अमुक वर्षे नोकरी केली, याने कौशल्य ठरत नाही. कोणाचा हात दहा प्रयत्नांत बसतो, तर कोणाला पन्नास लागतात. म्हणून वेळ आणि चुका मोजायच्या, त्यांचा आलेख काढायचा आणि तो अनुभवी शल्यविशारदाच्या पातळीला येऊन स्थिरावला की पुढे जायचे. अशा आलेखाला शिक्षणवक्र म्हणता येईल. तो सुरुवातीला झपाट्याने उतरतो आणि मग हळूहळू सपाट होतो. २००७ मध्ये तुर्कस्तानातील डॉक्टरांनी एका शल्यविशारदाच्या पाठीतून मुतखडा काढण्याच्या पहिल्या शंभराहून अधिक शस्त्रक्रियांचा असा अभ्यास केला. शस्त्रक्रियेला लागणारा वेळ सुमारे साठाव्या रुग्णापर्यंत कमी होत गेला आणि मग स्थिरावला. वक्राच्या चढावर असलेले ते पहिले रुग्ण आपल्यासारखीच माणसे होती. त्या चढाचा जेवढा भाग खोक्यात संपविता येईल तेवढा तेथेच संपवावा, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे.

आता यंत्रमानवाचे हात आले आहेत, मग हे शिकायचे कशाला, असे कोणी विचारील. २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ यंत्रात संगणक हालचाल सुलट करतो, हाताचा कंप गाळतो, दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे देतो, आणि हात ३ सेंटिमीटर हलला तर टोक १ सेंटिमीटरच हलेल अशी सोयही करतो. तरीही ते चालविण्याचे वेगळे शिक्षण घ्यावेच लागते. शिवाय अशी यंत्रे सगळीकडे नाहीत आणि असंख्य रुग्णालयांचे काम साध्या दांड्यांवरच चालते.

खोके सर्व काही शिकवीत नाही, हेही खरे. अचानक रक्तस्राव झाला तर काय करावे, दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडण्याचा निर्णय केव्हा घ्यावा, हे गुरूजवळ उभे राहूनच शिकावे लागते. पण हात आधीच बसलेला असला की शिष्याचे लक्ष हत्याराच्या टोकाऐवजी रुग्णाकडे राहू शकते.

करून पाहा

बुटांच्या खोक्यापेक्षा थोडे मोठे, साधारण २० सेंटिमीटर उंचीचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. उजेडासाठी एक बाजू कापा, पण ती बाजू तुमच्या समोर नको. झाकणाला १५ सेंटिमीटर अंतरावर दोन छोटी छिद्रे पाडा आणि त्यांतून विणकामाच्या दोन बोथट लांब सुया आत सोडा. दोन्हींच्या मध्ये तिसरे छिद्र पाडून त्यावर मोबाइल फोनचा कॅमेरा येईल असा फोन ठेवा. तळाशी आलेखाचा कागद चिकटवून त्यावर मातीच्या गोळ्यांत पेन्सिलींचे चार तुकडे उभे करा आणि जाड कागदाची चार कडी तयार करा.

(१) फक्त फोनच्या पडद्याकडे पाहत सुईचे टोक कड्यात अडकवून ते एका खुंटीवरून दुसरीवर न्या. चारही कडी हलविण्यास लागलेला वेळ आणि पडलेली कडी नोंदवा. असे वीस वेळा करून वेळेचा आलेख काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. वक्र जेथे थांबला होता तेथूनच सुरू होतो का, ते पाहा.

(२) सुईची छिद्राबाहेरील आणि आतील लांबी मोजा. वरचे टोक २ सेंटिमीटर हलवून खालचे टोक आलेखाच्या कागदावर किती सरकते ते पाहा. या दोन अंतरांचे गुणोत्तर लांबींच्या गुणोत्तराइतके येते का?

(३) वर्गाचे दोन गट करा. एका गटाला झाकण काढून आणि दुसऱ्याला पडद्याकडे पाहून सराव करू द्या. मग दोघांचीही परीक्षा पडद्याकडे पाहूनच घ्या. दोन्ही गटांत मुलामुलींची विभागणी चिठ्ठ्या टाकून करा, म्हणजे तुलना न्याय्य होईल.

शिक्षकांना तरफ, दृष्टी आणि आलेख हे तीनही पाठ या एका खोक्यात घेता येतील. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही हे खोके मांडता येईल. मात्र सुया डोळ्यांपासून दूर ठेवा आणि प्रयोग मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करा.